पोतं न टोचता

"आवाजाच्या कंपनीत पैसं घातलं व्हतं म्हणं ह्यानं."

"आवाजाच्या? म्हंजी रेडिओच्या?"

"रेडिओ न्हवं रं. ऐकूच येत न्हाय असला आवाज."

"मग कुनी बघितलाय का?"

"आवाज बघायचा असतोय व्हय, येड्या?"

तुम्ही तिथेच होतात, चिकप्पा. आपल्यात मेलेल्या माणसाला बसवतात तसं भिंतीला टेकवून तुम्हाला बसवलं होतं, कपाळावर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, आणि बाजारातले ते दोघे तुमच्यापासून हातभर अंतरावर कुजबुजत होते. मी दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. घरातून रडण्याचा आवाज येत होता, पुढे भजन चाललं होतं, आणि मला हसू आलं. तोंडावर ओढणी दाबून मी आत पळाले. लोकांना वाटलं, पोरीला हुंदका आवरला नाही. खरं सांगायचं तर तुम्ही आता बोलाल, असंच मला वाटलं होतं. मान वळवून म्हणाल, "दिसतोय की आवाज. हिरव्या रेघंवर दिसतोय. मी बघितलाय."

त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. एरवीही बोलत नाहीच. शाळेत सगळं इंग्रजीत होतं, घरात मराठी आणि कानडी, आणि मी तिन्ही भाषांमध्ये गप्प. अप्पा म्हणायचे, एवढी फी भरून मुकी पोरगी घरी आणली. तुम्ही, त्यांचे धाकटे भाऊ, त्यावर एकदाच म्हणालात, "मुकी न्हाय ती. माल आत हाय, पोतं शिवल्यालं हाय." ते मी विसरलेले नाही.

या सगळ्याची सुरुवातही फीवरूनच झाली. रविवारी आपलं धान्याचं दुकान बंद असलं की तुम्ही इंग्रजी पेपर माझ्यापुढे टाकायचात. "वाच. तुज्या फीचं कायतरी वसूल हू दे." मी वाचायची आणि मराठीत सांगायची. राजकारण तुम्हाला नको असायचं. मागच्या पानावर कंपन्या शेअर विकायला काढायच्या त्या जाहिराती हव्या असायच्या. तेव्हा रोज नवी कंपनी निघत होती आणि ज्यांनी जन्मात कधी शेअर पाहिला नव्हता असे लोकही सोलापुरात सात रस्त्याच्या बँकेत अर्जासाठी रांगेत उभे राहत होते. साबणाची कंपनी, औषधाची कंपनी, सायकलच्या ट्यूबची कंपनी. तुम्ही तळहातावर ज्वारीचे दाणे फिरवत ऐकायचात आणि बहुतेकांना एका शब्दात निकालात काढायचात. "बेडा." नको.

मग एका रविवारी मी वाचलं की पुण्याजवळची एक कंपनी अल्ट्रासॉनिक यंत्रं बनवते. माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज लोखंडात सोडायचा. आत चीर किंवा पोकळी असेल तर तो तिथून उलटा फिरतो आणि यंत्राला कळतं की दोष नेमका कुठे आहे. रेल्वेचे रूळ तपासतात, चाकं तपासतात, ओतकामाचे भाग तपासतात.

तुमचा हात थांबला. "लोखंड कापत न्हाईत?"

"नाही."

"भोक पाडत न्हाईत?"

"नाही, चिकप्पा. बाहेरूनच."

तुम्ही उठून आतल्या खोलीतून ती नळी घेऊन आलात. भुसाराच्या प्रत्येक दुकानात असते ती, टोकदार आणि पोकळ. पोत्यात खुपसली की आतले दाणे तिच्यात येतात. वरचे चार दाणे चांगले आणि पोटात किडकी ज्वारी, हे ओळखायला तुमच्याकडे तेवढं एकच साधन होतं. तुम्ही ती नळी माझ्यासमोर धरलीत आणि तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"म्हंजी पोतं न टोचता आतलं दाणं बघायचं! गिरिजा, जन्मभर मी ह्ये टोचतोय. सगळा बाजार टोचतोय. आन् हे लोक न टोचता बघत्यात व्हय?"

माझ्या फिजिक्सच्या पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता. मी तो दोन ओळींत पाठ केला होता आणि परीक्षेत मार्क मिळवून विसरले होते. तुम्ही तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतलात. वटवाघूळही अंधारात अशाच आवाजाने बघतं हे सांगितल्यावर चिकव्वाला हाक मारलीत, "अगं हितं ये, वटवाघूळ कसं बघतंय ते ऐक." तुमच्या बायकोला वटवाघळात काही रस नव्हता. ती पोळपाट घेऊन दारात आली आणि म्हणाली, "भाकरी करपतीय."

अर्ज तुम्ही घरातल्या सगळ्यांच्या नावाने भरलेत. तेव्हा सगळेच तसं करायचे. कुणाच्या नावाने शेअर लागतील ते नशिबावर, मग जितकी नावं तितकं बरं. अप्पांचं, तुमचं, चिकव्वाचं, आणि नुकतीच अठरा पूर्ण झाली होती म्हणून माझंही. आणि लागले कुणाला? चिकव्वाला आणि मला! जो माणूस त्या कंपनीसाठी वेडा झाला होता त्याच्या नावावर एकही नाही. अप्पा दोन दिवस हसत होते. तुम्ही मात्र शेअरचे ते कडक कागद देव्हाऱ्यात ठेवून आम्हा दोघींना म्हणालात, "मालकीणबाई, आता आमाला कामावर ठेवा."

कंपनीचं खरं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. तिला तुम्ही 'आवाजवाली' म्हणायचात. "आवाजवालीचं पत्र आलं का?" पोस्टमनसुद्धा शेवटी तसंच विचारायला लागला.

आणि मग वार्षिक सभेचं पत्र आलं. पुण्याला. मी नको म्हणत होते, पण तुम्ही तिकिटं काढून आणलीत. तुम्हाला आत जाता यावं म्हणून चिकव्वाने प्रॉक्सीच्या कागदावर सही केली. तिची मुखत्यारी मिळाल्याचा तुम्हाला एवढा आनंद झाला होता की प्रवासभर शेजारच्या माणसाला सांगत होतात. पायाशी एक जड पिशवी होती. तिच्यात काय आहे विचारलं तर म्हणालात, "नमुना."

हॉलमध्ये सगळे इंग्रजीत बोलत होते. मला सगळं समजत होतं, तुम्हाला काहीच नाही, आणि घामाघूम मी झाले होते. तुम्ही उपरणं मांडीवर पसरून त्याखाली माझा हात धरलात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, ती खूण तुम्ही मला लहानपणीच शिकवली होती. अख्ख्या बाजारात उभं राहून कुणालाही ऐकू न जाता बोलायची ती रीत मला फार आवडायची, माझ्यासारखीला तशीच भाषा हवी होती. अंगठा दोनदा दाबला की अर्थ एकच: तुझा भाव बोल. त्या दिवशी तुम्ही माझा अंगठा दाबत राहिलात आणि मी समोरच्या खुर्चीची पाठ बघत राहिले.

शेवटी तुम्हीच उभे राहिलात. "सायेब, आमी सोलापूरचं—"

मंचावरच्या एका गृहस्थांनी फार नम्रपणे विचारलं, तुम्ही सभासद की प्रॉक्सी? मग तितक्याच नम्रपणे सांगितलं, प्रॉक्सीला मत देता येतं, बोलता येत नाही. हॉलमध्ये थोडं हसू उमटलं. तुम्ही खाली बसलात. मला वाटलं, आता तुम्ही माझ्यावर रागावणार. तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "बायकोच्या वतीनं आलं की बोलायचं नसतंय, हे घरातबी असंच हाय की."

चहाच्या वेळी मात्र तुम्हाला अडवणारं कुणी नव्हतं. तुम्ही एका तरुण इंजिनिअरला गाठलंत. तो सांगत होता, यंत्र असं चालतं, तसं चालतं. तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. "साहेब, ऐकलेलं लई झालं. दावा की."

तो हसला, पण माणूस चांगला होता. दुपारी आम्हाला कारखान्यात घेऊन गेला. आणि तिथे तुम्ही पिशवीतून नमुना बाहेर काढलात. आपल्या दुकानातलं पाच किलोचं माप! सोलापूरहून पुण्यापर्यंत तुम्ही पाच किलो बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पायाशी घेऊन आला होतात. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या मुलाला मात्र मजा वाटली. बीड आवाज पिऊन टाकतं, जमेल की नाही सांगता येत नाही, असं तो म्हणाला. त्याने मापाची सपाट बाजू घासली, तेल लावलं आणि यंत्राला तारेने जोडलेला डबीएवढा एक तुकडा त्यावर टेकवला. छोट्या पडद्यावर हिरवी रेघ थरथरत होती. सुरुवातीला एक उंच टोक, शेवटी एक टोक. ते शेवटचं म्हणजे मापाचा तळ, तो म्हणाला. तो तुकडा सरकवत गेला आणि मध्येच एक लहानसं टोक उगवलं.

"हे काय?"

"इथे आत पोकळी आहे, काका. ओतताना हवा राहिली असणार."

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बघत होते, कारण मला बघायची सवय आहे. तुम्ही मापावर हात फिरवला, जसं एखाद्या म्हशीच्या पाठीवर फिरवावा. "आमच्या वडलांपास्नं हाय ह्ये दुकानात. सरकारी शिक्का हाय. वजन बरोबर, आन् आतून पोकळ! गिरिजा, कुनाला कळलं न्हाई गं. टोचता येत न्हवतं म्हणून कळलं न्हाई." परतीच्या गाडीत तुम्ही ते माप मला हातात घ्यायला लावलंत, जणू ते आता वेगळं लागेल.

तो आपला सगळ्यात चांगला दिवस होता. नंतरचा आणखी एक दिवस तितका चांगला नव्हता, पण तोही मला तुमच्याशी बोलायचाच आहे.

या वर्षीचा अहवाल आला. मी वाचून दाखवत होते. कंपनीने एक नवं यंत्र करायला घेतलं होतं, दवाखान्यासाठी. लोखंडाऐवजी माणसाच्या शरीरात आवाज सोडायचा. पोटातलं मूल आईला न दुखवता दिसेल. पैसा त्यातच गेला होता, म्हणून डिव्हिडंड नव्हता. एक फोटोही छापला होता, काळा आणि धुरकट. मी स्वतःहून, न विचारता, म्हणाले, "चिकप्पा, हे तर रुळांपेक्षाही मोठं काम आहे!"

तुम्ही म्हणालात, "बेडा."

मी तुमच्याशी पहिल्यांदा वाद घातला. मलाच नवल वाटत होतं.

"लोखंडात चूक निघाली तर भट्टीत टाकत्यात," तुम्ही म्हणालात. "बाईच्या पोटात चुकीचं बघितलं तर तिला कुटं टाकायचं?"

"पण आत्ता तर कुणी बघतच नाही. पोटावर हात ठेवून अंदाज करतात."

"हात तरी माणसाचा असतोय."

"हात चुकत नाही का?"

"चुकतोय की. पर हात चुकला की हातवाला रडतोय. मशीन रडंल व्हय?"

"मग रूळ तपासताना चुकलं तर? अख्खी गाडी—"

"त्यो फोटू बघ आधी. धूर हाय नुसता. धुरात पैसं घालायचं?"

आपण दोघेही मोठ्याने बोलत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून चिकव्वा म्हणाली, "मला तवा कुनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वाईट सांगितलं असतं तरीबी."

घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. चिकव्वाचे पूर्ण दिवस भरले होते, सुईण म्हणत होती सगळं ठीक आहे, आणि मूल रडलं नाही. त्यानंतर पुन्हा मूल झालं नाही. या घरात त्या मुलाबद्दल एक वाक्यही कुणी कधी उच्चारलं नव्हतं. तुम्ही नाही, तिने नाही. तिने परातीत पीठ घेतलं. तुम्ही उपरणं उचललंत आणि रविवार असून दुकानाकडे निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला हाक मारलीत. "त्यो फोटू परत दाव." तुम्ही तो उजेडाकडे धरलात, आडवा केलात, उभा केलात, चष्मा काढून बघितलात, घालून बघितलात. मग तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "नोडोण."

बघू या. एवढंच. म्हणजे काय, चिकप्पा? हो म्हणजे की नाही म्हणजे? मी विचारणार होते. तुम्ही मंगळवेढ्याच्या बाजाराला गेलात, तिकडून आलात, ओसरीवर पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत गेला होतात. तो वाद मध्येच राहिला. मी अजून तो घालते आहे, भांडी घासताना, वेणी घालताना. कधी तुम्ही जिंकता.

पुढचं तुम्हाला माहीत नाही आणि तेच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

सभेचं पत्र आलं. अप्पा म्हणाले, शेअर विकून टाकू. कंपनी डिव्हिडंड देत नाही, समजणारा माणूस राहिला नाही. "तुम्ही दोघी त्या सभेत जाऊन काय करणार? गप्प बसायला पुण्याला जायचं का? ते हितंबी बसता येतं." त्यांचं चुकत नव्हतं. ते चिडून नव्हते बोलत, दुखून बोलत होते. तुमच्या गादीवर ते अजून बसत नाहीत, बाजूला स्टूल घेतात.

चिकव्वा म्हणाली, "मी जानार."

घरात आलेल्या पाहुण्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, अगं, अजून दिवस किती झालेत, लोक काय म्हणतील? चिकव्वाने डोक्यावरचा पदर नीट केला. "आपल्यात सूतक पाळत न्हाईत. बसवून पुरलं, विभूती लावली, झालं. मग मी घरात का बसू? माझ्या नावावर हाय. मी प्रॉक्सी देनार न्हाय कुनाला." प्रॉक्सी हा शब्द तिने इतका स्वच्छ उच्चारला की अप्पांना हसू आवरेना. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ते हसले. मग म्हणाले, "जा. पर तिथं गप्प बसून आलात तर विकीन. सांगून ठेवतो."

म्हणून काल आम्ही दोघी पुण्यात होतो. तोच हॉल, तेच पंखे. तो इंजिनिअर दाराशी भेटला, त्याने पहिल्यांदा विचारलं, "काका नाही आले? माप नाही आणलं?" मी मान हलवली. चिकव्वाच्या मोकळ्या कपाळाकडे बघून त्याला कळलं. त्याने आम्हाला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं.

दवाखान्याच्या यंत्राचा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, काम अपेक्षेपेक्षा लांबलं आहे, पुढे न्यावं की थांबवावं यावर संचालक मंडळ विचार करतं आहे, सभासदांनी मत सांगावं. सफारीतले एक गृहस्थ उठले. आपण रेल्वेला यंत्रं विकतो तेच विकावं, डॉक्टरकी आपलं काम नाही, असं इंग्रजीत म्हणाले. टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, थांबवा आणि डिव्हिडंड द्या. आणखी टाळ्या. मला राग येत होता आणि मजाही वाटत होती, कारण ते सगळे तुमच्याच बाजूचे होते, चिकप्पा, आणि तुमच्याइतकं चांगलं कुणालाच मांडता येत नव्हतं. बाईच्या पोटाचं त्यांच्यापैकी कुणी नावही घेतलं नाही. इंग्रजी वाक्य डोक्यात तयार होतं, शाळेत बनवायचे तसं, व्याकरणासकट. मी ते मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

तेव्हा पदराखाली चिकव्वाने माझा हात धरला. तिने माझा अंगठा दाबला. दोनदा.

मी तिच्याकडे वळून बघितलं. ती समोर बघत होती, अगदी तुम्ही बाजारात बघायचात तशी, जणू त्या हाताशी तिचा काही संबंध नाही. तिलाही तुम्ही शिकवलं होतंत! कधी? किती वर्षं तुम्ही दोघे माझ्यासमोर, सगळ्यांसमोर, असे बोलत होतात? जे मूल रडलं नाही त्याच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत असं मी समजत होते. मला काय माहीत.

मी उभी राहिले. कुणीतरी मला विचारलं, सभासद की प्रॉक्सी? इंग्रजी वाक्य कुठे गेलं ते कळलं नाही. पूर्ण हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले:

"सभासद. माझं नाव गिरिजा, मी सोलापूरहून आले आहे. माझे शेअर थोडे आहेत, पण माझ्या नावावर आहेत, म्हणून मला बोलता येतं. दवाखान्याचं यंत्र थांबवू नका. आम्हाला डिव्हिडंड नसला तरी चालेल. ते यंत्र बाईला चुकीचं सांगेल अशी माझ्या काकांना भीती होती, आणि ती भीती खरी आहे, म्हणून विकायची घाई करू नका. पण बंद करू नका. आणि पुढच्या वर्षी आम्हाला फोटो नको, साहेब. ऐकलेलं लई झालं. दावा की."